पिवळी चौकट

हर्षदाचा फोन आला तेव्हा उर्मिला काळे कॅमेऱ्यासमोर बसून कौतुक करून घेत होती. कौतुक खोटं नव्हतं. सोनगिरी शहरात 'सजग' ही चेहरे ओळखणारी सरकारी यंत्रणा बसून तीन वर्षं होत आली होती. ती पुढे चालू ठेवायची की नाही, यावर पंधरवड्यात जनसुनावणी व्हायची होती, आणि त्याआधी एका वृत्तवाहिनीला 'नाळ'च्या आईची, म्हणजे यंत्रणेचा तो भाग घडवणाऱ्या उर्मिलाची, मुलाखत हवी होती. 'नाळ'ची आई हे नाव तिला वर्तमानपत्रांनीच दिलं होतं. तिला ते आवडायचं.

मांडीवरचा फोन थरथरून थांबला आणि पुन्हा थरथरला. हर्षदा तिच्या भावाची मुलगी. आज तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. उर्मिलाने हातानेच मुलाखतकाराला थांबवलं.

"आत्या, मला गेटवरूनच बाजूला काढलं," हर्षदा म्हणाली. आवाज रडका नव्हता. कोरडा होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"कागद राहिला का एखादा?"

"कागद सगळे बरोबर आहेत. गेटवरच्या पडद्यावर माझ्या तोंडाभोवती पिवळी चौकट आली. त्या मॅडम म्हणाल्या, तिकडे उभी राहा. राहिले. माझ्या गटाचं धावणं होऊन गेलं. आता म्हणतात, पुढच्या भरतीला ये."

"कारण काय सांगितलं?"

"मशीनला माहीत, म्हणाले."

उर्मिलाने फोन ठेवला. मुलाखतकार उमदा होता, त्याने सोपा प्रश्न निवडला. "मॅडम, एका वाक्यात सांगा, या यंत्राने सामान्य माणसाला काय दिलं?"

या प्रश्नाचं उत्तर तिच्या ओठांवर कायम तयार असायचं. आज तिने पदराला लावलेला माईक काढून टेबलावर ठेवला.

*

उर्मिला पारध्यांची. सोनगिरीच्या वेशीबाहेर, दगडखाणीच्या मागे त्यांची वस्ती. तिचे वडील गुलाब काळे शेळ्या पाळत. घरात आणि वस्तीत सगळेच त्यांना आबा म्हणत. मुलीला आश्रमशाळेत घालायला ते तिला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते, आणि "ही शिकणार" एवढंच हेडमास्तरांना सांगून परतले होते. ती शिकली. अभियंता झाली, मग डॉक्टरेट मिळवली. "आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर, पण औषध देत न्हाई," असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि ऐकणाऱ्याने पुन्हा विचारावं म्हणून थांबत.

माणूस चेहरा पाहतो. यंत्र चेहरा मोजतं. दोन डोळ्यांतलं अंतर, गालाच्या हाडाचा उतार, ओठाची कमान अशा असंख्य गोष्टींपासून ते चेहऱ्याचे काही शे आकडे तयार करतं. दोन फोटोंचे आकडे एकमेकांजवळ आले की ते म्हणतं, माणूस तोच. इतकं तर उर्मिला कॉलेजात होती तेव्हाही जगाला येत होतं. तिने विचारलेला प्रश्न वेगळा होता. लेकरू आईच्या वळणावर गेलंय असं आपण म्हणतो, तेव्हा त्या लेकरात नेमकं आईचं काय असतं?

हजारो घरांचे फोटो तिने गोळा केले. आजोबा, मुलगा, नात. त्यांचं बालपण, तारुण्य, म्हातारपण. वय चेहऱ्यावर पुष्कळ लिहितं आणि पुष्कळ पुसतं. पण त्या शेकडो आकड्यांत एक मूठभर जुळण्या अशा निघाल्या, की ज्यांना वय हात लावत नाही आणि ज्या पिढीतून पिढीत उतरतात. नाकाच्या मुळाशी असलेलं हाड, कानाची पाळी जिथे गालाला मिळते ती जागा, भुवई आणि डोळ्याच्या खोबणीचं प्रमाण. या जुळण्या ओळखायला तिने यंत्राला शिकवलं आणि त्या भागाला नाव दिलं 'नाळ'.

नाळेचं पहिलं यश म्हणजे कौसल्या हिप्परगे यांची लेक नम्रता. दुडुदुडु चालायच्या वयात ती बसस्टँडवरून पळवली गेली होती. पुढे ती परराज्यातल्या एका बालगृहात वाढली. तिला ना गावाचं नाव आठवत होतं, ना आईचं. तिचा आत्ताचा चेहरा कुणी ओळखला नसता. नाळेने तिच्या चेहऱ्यातून कौसल्याबाई शोधल्या. स्टेशनवर मायलेकी भेटल्या तेव्हा उर्मिला तिथे होती. दोघी बराच वेळ एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या होत्या. त्यानंतर अशी बरीच मुलं घरी आली.

मग गेल्या वर्षी सुरक्षा विभागाने हीच नाळ उलटी फिरवली. युक्तिवाद सरळ होता. गुन्हेगार फरार असतो, पण त्याची बहीण बाजारात येते, मुलगा परीक्षेला येतो. रस्त्यावरचा चेहरा पोलिसांच्या जुन्या फोटोंशी नात्याने जुळतो का, हे बघायला काय हरकत आहे? जुळला तर पडद्यावर चेहऱ्याभोवती पिवळी चौकट येई. लाल म्हणजे गुन्हेगार. पिवळी म्हणजे गुन्हेगाराचा नातलग असण्याची शक्यता, जरा लक्ष ठेवा. या प्रकाराला 'आप्त-छाननी' म्हणत. ती सुरू करताना उर्मिलाचं मत विचारलं होतं. तिने शंका लिहून दिल्या होत्या, आणि मग कामाच्या रगाड्यात त्यांचं काय झालं ते विचारायचं राहून गेलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नियंत्रण कक्षात गेली. भिंतभर पडदे होते आणि त्यांवरून अख्खं सोनगिरी चालत होतं. ड्युटीवरच्या तंत्रज्ञाला तिने सांगितलं, "मला सवलतीतून काढ."

सरकारी कर्मचाऱ्यांचे चेहरे छाननीतून वगळलेले असत. रोज हजारदा तपासत बसायला नको म्हणून. तंत्रज्ञ घुटमळला. "मॅडम, तुम्हाला कशाला?"

"बघायचंय."

त्याने कळ दाबली. उर्मिला दारावरच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. कपाळावरची बट मागे सारली, जशी फोटो काढताना सारतात. पडद्यावर तिचा चेहरा आला, आणि लगेच त्याच्याभोवती पिवळी चौकट उमटली.

खाली ओळ होती. संभाव्य नातं: पिता. तंत्रज्ञाने नजर दुसरीकडे वळवली. उर्मिलाने स्वतः पुढे होऊन ती ओळ उघडली.

एक तरुण माणूस. केस विस्कटलेले, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, छातीशी धरलेली पाटी. पाटीवर खडूने लिहिलं होतं, 'गुलब्या पारधी', आणि पुढे एक क्रमांक. माणूस कॅमेऱ्याकडे सरळ बघत होता. हनुवटी किंचित वर.

अटकेची ती गोष्ट घरात लपवलेली नव्हती. आबा ती हसतहसत सांगत, म्हणून पोरांना लहानपणी ती विनोदीच वाटायची. एका व्यापाऱ्याच्या घरी चोरी झाली, पोलिसांनी वस्तीतले सगळे पुरुष गाडीत कोंबले. पुढे कळलं की चोर व्यापाऱ्याचाच पुतण्या होता. कोर्टाने सगळ्यांना सोडलं. आबा म्हणत, "साहेब म्हणाला, चुकून झालं. मी म्हणलं, चुकून कोंबडी पळती साहेब, माणसं न्हाई." सोडलं होतं सगळ्यांना. फोटो मात्र सोडले नव्हते.

तिला एकदम जाणवलं की वडील तरुणपणी कसे दिसत होते ते ती आज पहिल्यांदाच बघते आहे. घरात त्यांचा त्या वयातला एकही फोटो नव्हता. फोटो काढायला पैसा लागे, आणि फोटोवाला वस्तीत येत नसे. सरकारने तेवढा फुकट काढून जपून ठेवला होता.

संध्याकाळ होईपर्यंत ती तिथेच बसली. वस्तीतल्या माणसांचे चेहरे तिने नाळेतून चालवले. दहातल्या सात जणांभोवती चौकट पिवळी झाली. मग तिने स्वतः राहत असलेल्या वसाहतीतले शेजारी चालवले. अख्ख्या वसाहतीत एक.

*

"यंत्राला जात माहीत नाही, उर्मिला," डॉ. रिसबूड म्हणाले. "आपण तो रकाना ठेवलेलाच नाही. तूच ठेवू दिला नाहीस."

प्रभाकर रिसबूड 'सजग'चे प्रमुख होते आणि त्याआधी तिचे मार्गदर्शक. तिच्या प्रबंधावर ते स्वल्पविरामापर्यंत भांडले होते, आणि कुणी तिच्या आडनावावरून कुजबुजलं की त्या माणसाला तोंडावर सुनावत. त्यांच्याशी वाद घालताना तिला नेहमी आपण घरात भांडतोय असं वाटे.

"यंत्राला जात कळत नाही, सर. नातं कळतं. आमची लग्नं आमच्यातच होतात. पाचपन्नास वस्त्यांत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी. एका वस्तीतल्या पुरुषांचे फोटो घेतले की नात्याने अख्खी जमात जाळ्यात येते. आणि जुने फोटो कुणाचे आहेत? ज्यांना संशयावरून आधी उचलायचे त्यांचेच. माझ्या आजोबांना रोज चौकीत हजेरी लागायची, कारण इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने ते जन्मानेच गुन्हेगार. कायदा गेला. आपण तो नकळत परत आणला, आणि हजेरी आता चालताचालता लागते."

रिसबूड म्हणाले, "सुनावणीनंतर दुरुस्त करू. आत्ता हे बोललीस तर ते सगळंच बंद करतील. नाळेसकट. बालगृहात अजून किती मुलं वाट बघताहेत, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

हे मात्र खरं होतं. म्हणूनच ती रात्रभर तळमळली होती.

"सुनावणीत तू फक्त नाळेबद्दल बोल," ते म्हणाले. "मुलांबद्दल. आप्त-छाननी हा पोलिसांचा विषय आहे, तो त्यांना मांडू दे. आणि तुझ्या भाचीचं म्हणशील, तर तिचा चेहरा आजच सवलतीत टाकतो. पुन्हा कुठल्याच गेटवर अडणार नाही."

*

उर्मिलाने वस्तीतल्या घरी जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. भाऊ कामावर होता, अंगणात आबा आणि हर्षदाच होते.

"टाक ना, आत्या," हर्षदा लगेच म्हणाली. "दोन वर्षं पहाटे उठून धावलेय. मला भरती व्हायचंय. बाकीचं मोठ्या माणसांनी बघा."

उर्मिलाला तिचा राग आला नाही. या वयात तिनेही हेच म्हटलं असतं.

"तुझ्यासंगं आणिक कुणाला काढलं बाजूला?" आबांनी विचारलं.

"होत्या पाचसहा जणी. एक तर आपल्यातली पण नव्हती. तिचा मामा म्हणे कधीतरी आत होता."

आबा बिडी विझवून म्हणाले, "सवलत कुणाला देत्यात? ज्यानं कायतरी केलंय, पर मोठ्या मनानं सोडायचं, त्याला. तू काय केलंस?"

हर्षदाने मान हलवली.

"मग घेऊ नगंस. उद्या अंगावर खाकी चढली तर मनात ऱ्हाईल, की आपुन मागच्या दारानं आलो. पुढच्या दारानं जा. उशीर झाला तरी चालंल."

पोरगी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग फणकाऱ्याने म्हणाली, "आणि पुढचं दार उघडलंच नाही तर?"

आबांनी उर्मिलाकडे बघितलं. "ती हाय की. दार तिनंच केलंय."

उर्मिलाने तेव्हा फोटोचं सांगितलं. सुनावणीत तो दाखवावा लागेल, लोक बघतील, वर्तमानपत्रात येईल. तुमची परवानगी असेल तरच.

"कसा दिसतो मी त्यात?"

"रुबाबदार."

"मग दाव." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पाटीवर नाव काय लिवलंय?"

उर्मिलाने नाइलाजाने सांगितलं. आबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "ते तेवढं बरोबर सांग. माझं नाव गुलाब हाय. आईनं ठेवलंय."

*

नगरभवन खच्चून भरलं होतं. समितीच्या अध्यक्ष होत्या निवृत्त न्यायमूर्ती देवयानी सरनोबत. त्या बोलणाऱ्याला मध्ये तोडत नसत, पण वेळ झाली की चष्मा काढून टेबलावर ठेवत, आणि माणूस आपोआप थांबे.

व्यापारी संघाचे अध्यक्ष म्हणाले, कॅमेरे आल्यापासून बायका अंगावर दागिने घालून निर्धास्त फिरतात, हे तुम्ही विसरू नका. कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, की मी कोणत्या सभेला गेलो, कोणत्या दवाखान्यात गेलो, हे सरकारला रोज का कळावं? एका निवृत्त फौजदाराने त्यांना उत्तर दिलं, की लपवायचं नसेल तर भ्यायचं कशाला? त्यावर मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "मग घराला दारं कशाला लावता?" सभागृह हसलं.

कौसल्या हिप्परगे उठल्या तेव्हा मात्र सगळे शांत झाले. त्यांनी लेकीचा हात धरला होता. "मला कायदा कळत नाही," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी गेली तेव्हा मी देवाला म्हटलं होतं, मरण दे नाहीतर पोरगी दे. या यंत्राने दिली. याला वाईट म्हणायच्या आधी, ज्यांची अजून सापडली नाहीत त्या आयांना विचारा."

आणि मग उर्मिलाचं नाव पुकारलं गेलं.

ती नाळेबद्दलच बोलायला लागली. पहिल्या रांगेत रिसबूडांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला तिला दिसला. तिने मुलांबद्दल सांगितलं, हाडांबद्दल आणि कानाच्या पाळीबद्दल सांगितलं, कौसल्याबाईंकडे बघून सांगितलं की माझ्या आयुष्यात यापेक्षा चांगलं काम माझ्या हातून होणार नाही. मग ती म्हणाली, "आता हेच यंत्र माझ्याबद्दल काय म्हणतं ते बघा."

पडद्यावर तिचा चेहरा आला, पिवळ्या चौकटीत. सभागृहात कुजबूज झाली. मग शेजारी तो फोटो आला.

"हे माझे वडील. पाटीवरचं नाव चुकीचं आहे. त्यांचं नाव गुलाब सुरजन काळे. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. पण फोटो राहिला, आणि त्या फोटोमुळे त्यांची मुलगी संशयित आहे, त्यांची नातही संशयित आहे. ती पोलीस व्हायला निघाली होती. माझ्या यंत्राने तिला गेटवर अडवलं."

तिने दोन वसाहतींचे आकडे सांगितले. जात न विचारताही यंत्र जातीपर्यंत कसं पोचतं ते सांगितलं. रिसबूडांना सांगितलेलंच, पण इथे आवाज चढवला नाही.

पोलीस अधीक्षक उभे राहिले. त्यांचा प्रश्न रास्त होता. "डॉक्टर, समजा बाजारात बाँब ठेवणारा फरार आहे आणि त्याच्यापर्यंत जायचा एकच धागा आहे, त्याचा भाऊ. तुमचं ऐकून आम्ही छाननी बंद केली आणि तो निसटला, तर?"

"तर तो निसटेल," उर्मिला म्हणाली. "असं होणारच नाही असं मी सांगणार नाही. म्हणून एकाच्या शोधासाठी, एका गुन्ह्यापुरती, न्यायाधीशाची परवानगी घेऊन विचारणा करा. पण अख्ख्या शहरावर रोज चाळणी लावू नका. आज तुमच्या माणसांचे डोळे माझ्या भाचीवर खिळलेले असतात. त्या वेळी तो फरार शेजारच्या गेटने जात असेल, कारण त्याच्या नात्यातल्या कुणाचा फोटो कधी कुणी काढलेलाच नाही."

न्यायमूर्तींनी विचारलं, "आणि हरवलेली मुलं? छाननी बंद झाली की ती थांबतील?"

"नाळेला दोन दारं आहेत. एका दाराने आई स्वतः येते, आपला चेहरा देते, म्हणते माझं लेकरू शोध. ते दार उघडं ठेवा. दुसऱ्या दाराने पोलीस कुणाचाही चेहरा न विचारता आत ढकलतात. ते बुजवा. दोन्ही एकाच भिंतीत आहेत, पण वेगळी करता येतात. काम आहे. मी करीन."

"तुम्ही हे काम सुरू झालं तेव्हाच का बोलला नाहीत?"

"लिहून दिलं होतं. उत्तर आलं नाही. पाठपुरावा मी केला नाही."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला नाही. त्यांनी सभागृहावर नजर फिरवली. "श्री. गुलाब सुरजन काळे आले आहेत का?"

मधल्या रांगेत आबा उठले. कडक इस्त्रीचं धोतर, डोक्याला मोतिया रंगाचा फेटा. शेजारी हर्षदा होती. ती आधाराला हात द्यायला गेली, तो त्यांनी घेतला नाही.

"तुम्हाला काही सांगायचं आहे?"

"सांगायचं लेकीनं सांगितलं," आबा म्हणाले. "मला एक मागायचं हाय."

"मागा."

"तो फोटो तुम्ही काढून टाकणार का?"

"तसा निर्णय झाला तर, हो."

"टाका. पर टाकायच्या आदी एक प्रत मला द्या. माझा तरुणपणचा दुसरा फोटो न्हाई."

पोलीस अधीक्षकांनी हातातल्या टोपीकडे बघितलं. न्यायमूर्ती लेखनिकाकडे वळून म्हणाल्या, "नोंद घ्या. नाव नीट लिहा."

बाहेर व्हरांड्यात रिसबूड खांबाला टेकून उभे होते. "मला आधी सांगायला हवं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं, सर."

"हो." त्यांनी मान डोलावली. "सांगितलं होतंस." मग कौसल्याबाई लेकीला घेऊन बाहेर आल्या. उर्मिलापाशी थांबल्या. रागावल्या आहेत की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "ते आईचं दार," त्या म्हणाल्या, "ते बंद होऊ देऊ नका. एवढं बघा." आणि रिक्षा शोधायला निघून गेल्या.

*

निर्णय पावसाळा संपताना आला. सोनगिरीतली आप्त-छाननी बंद झाली. निर्दोष सुटलेल्यांचे फोटो पुसण्याचा आदेश निघाला. शहरातले बाकी कॅमेरे राहिले, आणि प्राध्यापकांची लढाईही राहिली. दुसऱ्या दोन शहरांत छाननी अजून चालूच होती. तिथल्या लोकांनी उर्मिलाला बोलावणी धाडायला सुरुवात केली. तिची बदली प्रशिक्षण विभागात झाली. बदलीला कुणी शिक्षा म्हटलं नाही आणि बढतीही म्हटलं नाही. दोन दारं वेगळी करण्याचं काम मात्र तिच्याकडेच ठेवावं, अशी टिपणी रिसबूडांनी स्वतः लिहिली. ते काम चालू असताना आणखी एका मुलाची आई सापडली.

पिवळ्या चौकटीमुळे बाजूला काढलेल्या सगळ्यांची फेरचाचणी झाली. सकाळचं कोवळं ऊन मैदानावर पसरलं होतं. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून उर्मिला आणि आबा तारेच्या कुंपणाला धरून उभे होते. आबांनी तोच मोतिया फेटा बांधला होता.

शिट्टी वाजली. हर्षदा सुरुवातीला मागे राहिली. उर्मिला टाचा उंचावून बघू लागली, पण आबा निवांत होते. "तिला ठावं हाय," ते म्हणाले. "आदी दम राखती." दुसऱ्या फेरीत पोरगी एकेकीला मागे टाकत आली. शेवटच्या वळणावर तिच्या पुढे एकच उरली होती, आणि ती तशीच पुढे राहिली. हर्षदा दुसरी आली. लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आत.

कुंपणाच्या आतल्या बाजूला बंदोबस्ताला असलेला एक पोलीस सहज गप्पांना टेकला. "आजोबा, यातली तुमची कोण?"

"वळखा," आबा म्हणाले.

पोलिसाने कपाळावर हात धरून मैदानाकडे बघितलं. धावून आलेल्या मुली गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होत्या. एक तेवढी ताठ उभी होती, कमरेवर हात ठेवून. त्याने आबांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि हसला.

"ती. दुसरी आली ती. नाक अगदी तुमचंच."

"माझ्या बापाचं हाय ते," आबा म्हणाले. "त्याच्याकडून माझ्याकडं आलं, माझ्याकडून तिच्याकडं गेलं." आणि त्यांनी तारेतून हात आत घालून पोरीला हाक मारली.